गव्हाच्या कोठीतलं मशीन

५ जानेवारी
झोपेत नाकातून हवा सोडणारं मशीन आलं एकदाचं! जालन्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं — ह्यांचा झोपेत श्वास बंद पडतो, म्हणून तीन-तीन गोळ्या खाऊनही बीपी उतरत नाही. हृदयावर ताण येतोय. मास्क लावूनच झोपायचं, दुपारी आडवं झालं तरी. "हत्तीची सोंड हाय का काय ही!" हे म्हणाले. पण लावला.

९ जानेवारी
घरात घोरणं नाही. मला मेलीलाच झोप येईना.

२० जानेवारी
बीपी उतरलं! सकाळचं डोकंही दुखत नाही म्हणे. तेवढ्यात शेजारच्या पुष्पाबाई केळी घेऊन हजर. खिडकीतून मास्क दिसला, बाईंना वाटलं ऑक्सिजनच लावलाय. "तातेरावचं काई खरं न्हाई का वं आता?" संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाटूरला कळलं. दोघं-तिघं आणखी भेटून गेले, तोंडं पाडून!

२२ जानेवारी
रविवारी अंकुशनगरचे पाहुणे आमच्या अक्षताला पाहायला येणार. हे म्हणाले, "बाप मशीनवर जगून राह्यला म्हणतील. मंग पोरीचं जमल का?" मशीन पोत्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत. मी भांड भांड भांडले. ऐकतो कोण!

२५ जानेवारी
पसंती आली. मुलगा, सुमित, चांगला वाटला. त्याचे वडील राजानंदराव तर फारच मोकळे, साखर कारखान्यातले किस्से सांगून हसवलं सगळ्यांना.

पुरणपोळी जेवून पुरुषमंडळी बैठकीत आडवी झाली. हे मात्र टक्क जागे — घोरणं ऐकू जाईल म्हणून! अन् घोरायला लागले राजानंदराव. मग एकदम गप्प. छाती हलेना. मग गुदमरून मोठा श्वास. पुन्हा तेच. सुमित हसला, "आमचे पप्पा लई निवांत झोपतेत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही कळत होतं. एकदा तपासून घ्या — एवढंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, ह्यांनी मान हलवली. नको. मी चहा टाकायला आत गेले. माझीच मला चीड येते.

३ फेब्रुवारी
बीपी पुन्हा चढलं. मशीन कोठीतच. "साखरपुडा होऊ दे, मंग काढू." जीव गेला तरी चालेल, चारचौघांत वरमायला नको!

८ फेब्रुवारी
सकाळी सुमितचा फोन. राजानंदराव झोपेतच गेले.

अंकुशनगरला निघताना ह्यांनी कोठी उघडली. मशीन काढलं, गहू झटकले, पिशवीत घातलं. "तिथं मुक्काम पडला तर सगळ्यांसमोर लावीन."

आता सुचलं!