खिडकीतला कप

मंगळवार, ३

लेकीशी वाजलं. कॉलेजातून काय काय डोक्यात भरून आणते! म्हणे, "चांगलं-वाईट वरून ठरून येत नाही गं आई, ज्याचा त्याचा समाज ठरवतो." भाजी निवडता निवडता चांगलीच झापली तिला. देवाने आज्ञा काय गल्ली बघून दिल्या? पाप ते पाप — इथेही आणि सातासमुद्रापलीकडेही!

तिने नुसतं खिडकीत पालथ्या घातलेल्या कपाकडे बोट केलं. "मग कामाच्या मावशींचा कप वेगळा का?"

"ती आपल्या घरची पद्धत आहे."

"मी तरी दुसरं काय म्हणत होते?" हसत निघून गेली. आगाऊ कार्टी!

गुरुवार, ५

कपाचं डोक्यातून जात नाही. कान तुटलेला, निळ्या काठाचा. टाकायला काढला होता, म्हटलं वाया कशाला घालवा. मावशी बारा वर्षं आपली धुणीभांडी करतात, चहा त्यातच पितात, स्वतःच विसळून खिडकीत पालथा घालतात. कधी विचारलं नाही त्यांनी. मीही सांगितलं नाही काही.

चर्चमध्ये त्यांना मीच नेलं. प्रार्थना मीच शिकवली. बाप्तिस्म्याच्या दिवशी गळ्यात पडून म्हणाले, "आता आपण बहिणी!" येत्या रविवारी त्यांचं पहिलं प्रभुभोजन.

शनिवार, ७

प्रभुभोजनात द्राक्षारसाचा प्याला सगळ्यांना एकच असतो, सगळे त्यालाच तोंड लावतात. मनात आलं — रांगेत मी त्यांच्या पुढे उभी राहीन, त्यांच्या आधी पिऊन घेईन.

लिहिलं खरं. खोडत नाही.

रविवार, ८

पुढेच उभी राहिले. प्याले. वळते तर मावशींनी पिशवीतून कप काढला — तोच, निळ्या काठाचा — आणि पाळकसाहेबांपुढे धरला. "माझा आणलाय, साहेब. वरून ओता."



"इथे वेगळा लागत नाही, बाई. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. माझीच सवय."

माझ्यासाठी खोटं बोलल्या, देवाच्या मेजापुढे! आणि मी? फरशीकडे बघत उभी.  मावशी ओशाळल्या, कप पिशवीत घातला आणि न पिताच मागे जाऊन बसल्या. पहिलं प्रभुभोजन त्यांचं!

घरी लेक सरळ तिच्या खोलीत गेली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

सोमवार, ९

मावशी भांडी घासत होत्या. शेजारी खाली बसले. म्हटलं, "मावशी, ती पद्धत नव्हती. पाप होतं. माझं."  त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे कचरा न्यायला एक बाई येते. तिचा पेला मी दाराबाहेर ठेवते. तुमचं बघून. म्हटलं, देवाच्या माणसांत असंच असेल... आज आत घेऊ का तो?"