पाण्याचा पेला आणि पुढची ओळ

चंदीगड

ती. ताईस,
पाया पडतो. लघवीची जळजळ थांबली, तापही उतरला. गोळ्या तेवढ्या पुऱ्या करायच्या आहेत.

इथल्या थंडीत तहान लागत नाही. त्यात रात्री उठलो की सूनबाईंची झोप मोडते, म्हणून मी पाणीच कमी केलं होतं. हेरंब रागावला, "बाबा, पोटच्या पोराच्या घरात कसला हो संकोच?"

आता नात पेला घेऊन समोर उभी राहते, "आजोबा, पूरा पीना!" घोट घेत मी आपली दोघांची शाळेतली कविता म्हणतो. पुढची ओळ इथे कुणालाच येत नाही.

गुडघ्यांमुळे न्हाणीघरापर्यंत जायला नको म्हणून तूही पाणी टाळतेस ना? संध्याकाळी पेला भरून घे आणि फोन कर. पहिली ओळ मी म्हणेन.

तुझा धाकटा,
गजानन