नानांच्या नावाचे केस

धुळे, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवडाभर आधी

नाना, फार दिवस तुमच्याशी बोललो नाही, माफ करा. डायरी रोज लिहितो. तिच्यात पाण्याचा टँकर येतो, मुलीची परीक्षा येते, कॉलेजातली भांडणं येतात. तुम्ही येत नाही. आज आलात ते एका खोट्या प्रेतयात्रेमुळे. फीवाढीच्या विरोधात पोरांनी कॉलेजच्या फाटकासमोर तिरडी बांधली, कडब्याचं मढं केलं, आणि पुढे मडकं धरून एक मुंडण केलेला मुलगा चालत होता. आम्ही प्राध्यापक मंडळी खिडकीत उभे राहून हसत होतो. एकाने त्याला वरूनच विचारलं, "काय रे, बाप आहे ना घरी?" तो म्हणाला, "आहे ना सर, एकदम ठणठणीत!" पुन्हा हशा झाला. मी खिडकीतून बाजूला सरकलो.

माझ्या प्रेतयात्रेचं तुम्हाला माहीत होतं, पण सगळं नाही. खानदेशाला स्वतःचं विद्यापीठ मिळणार अशी तेव्हा चर्चा होती, आणि ते धुळ्याला व्हावं की जळगावला, यावरून होस्टेलमध्ये ताटावरून उठण्यापर्यंत वाद चालायचे. धुळ्याचा हक्क मारला गेला म्हणून त्या हक्काची प्रेतयात्रा काढायची, असं आमच्या गटाने ठरवलं. मी पारोळ्याकडचा, म्हणजे जळगाव जिल्ह्याचा. आमचा पुढारी सगळ्यांसमोर म्हणायचा, "याला मागे ठेवा रे. उद्या जळगावला विद्यापीठ झालं की पहिला अर्ज याचाच!" ते मला फार लागायचं. मुंडण करायला कोणीच तयार होईना, तेव्हा मी उठलो. धुळ्यावरचं माझं प्रेम काही उतू जात नव्हतं, नाना. मला फक्त त्यांच्यातला व्हायचं होतं.

पांझरेच्या घाटावर सकाळी न्हावी बसलेले असतात. त्यातल्या एका म्हाताऱ्यासमोर मी बसलो. तो वस्तरा पाजळतो आहे. विचारतो, "कोण गेलं, दादा?" मी काही बोलायच्या आत पुढारी म्हणतो, "वडील." बाकीचे तोंड फिरवून हसू दाबतात. मीही मान खाली घालतो, हसू दिसू नये म्हणून. न्हाव्याचा हात एकदम हळू होतो. ओंजळीने डोक्यावर पाणी घालत तो विचारतो, "वाईट झालं. काय वय होतं?"

नाना, मी तुमचं वय सांगितलं. बरोबर सांगितलं.

हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. नुसतं मुंडण केलं असतं तर पोरखेळ म्हणून सुटलं असतं. पण त्या पायऱ्यांवर आत्याच्या साक्रीतल्या गल्लीतला एक माणूस स्वतःच्या घरच्या अस्थी घेऊन आला होता. सुट्ट्यांमध्ये मी आत्याकडे असायचो, त्यामुळे तो मला ओळखत होता. त्याने ते ऐकलं आणि साक्रीला पोचल्यावर आधी आत्याचं दार वाजवलं.

संध्याकाळी मी डोक्याला टॉवेल गुंडाळून गावी उतरलो. तुम्ही ओट्यावर शेंगा फोडत बसला होतात. टॉवेलकडे पाहिलंत, उठलात, तो काढलात आणि पुन्हा शेंगा फोडायला बसलात. मी आंदोलनाचं काहीबाही सांगत होतो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आत्याचा हेल ऐकू आला. "मना भाऊ वं माय!" छाती बडवत, अनवाणी, मागे पाचपन्नास बाया. ओट्यापाशी आली आणि थांबली.

"भाऊ, तू जित्ता शे?"

"मरी गऊ व्हतू," तुम्ही म्हणालात, "चहा पेवाले उठनू. बस."

सगळी गल्ली हसली. आत्या तुमच्या पायाशी बसून हसतही होती आणि रडतही होती, आणि मला शिव्या देत होती. मायने चहा टाकला. मला वाटलं, निभावलं. गर्दी पांगल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "डोकं तुन्हं शे. पन केस मन्हा नावना व्हतात रे." त्यानंतर तो विषय तुम्ही कधीच काढला नाहीत.

आता तुम्ही गेल्यानंतरचं सांगतो, जे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही थंडीत अचानक गेलात. साक्रीत आत्याच्या घराजवळच्या मारवाड्याच्या दुकानात फोन होता, तिथे मीच निरोप दिला. तिने ऐकलं आणि दुकानदाराला म्हणाली (हे त्यानेच मला नंतर सांगितलं), "त्या पोऱ्याना भरोसा नही. मागे बी असंच व्हयनं." आणि ती पोळ्या लाटायला बसली. दुसऱ्या कोणाचा निरोप येईल म्हणून वाट पाहत राहिली. तो निरोप तिला पोचला तेव्हा इकडे अग्नी दिलेला होता. दुसऱ्या दिवशी ती आली ती राखेपाशी. या खेपेला तिने हेल काढला नाही.

दहाव्याला भाऊबंद बसले होते. चुलतकाका मोठ्याने म्हणाले, "सख्खी बहीण, अन् भाऊनं तोंड पाहाले उनी नही. पोळ्या करत बसनी व्हती म्हने!" मी तिथेच होतो, या वेळी खरं मुंडण केलेला. ती का आली नाही हे तिथे फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती सांगेल. तिने पदर पुढे ओढला आणि आत निघून गेली. मी काकांना दुजोरा दिला नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. नाना, त्यांना अडवलंही नाही. तेव्हापासून आत्या आखाजीला माहेरी आली नाही. मीही मुराळी म्हणून तिला आणायला गेलो नाही. ती रागावली आहे, असं मायला सांगत राहिलो. माय गेली तोवर तिला तेच खरं वाटत होतं. काका अजून लग्नाकार्यात ती गोष्ट चवीने सांगतात, आणि नवीन सुना ऐकून तोंडाला पदर लावतात.

त्या खिडकीतून बाजूला झाल्यापासून मनात एकच होतं की या आखाजीला साक्रीला जावं, आत्याला घेऊन यावं, पाया पडावं. हे पत्र सुरू केलं तेव्हा शेवटी तेच लिहिणार होतो. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की त्यात माझी चांगलीच सोय आहे. ती म्हातारी झाली आहे. पाया पडलो तर डोक्यावरून हात फिरवेल, काही विचारणार नाही, आणि मी मोकळा होईन. तिच्या नावाला लागलेलं मात्र तसंच राहील. तिला आणून काकांच्या समोर बसवायचं आणि पुन्हा गप्प बसायचं, एवढंच माझ्या हातून होईल अशी मला भीती वाटते. काकांसमोर मला अजून बोलता येत नाही, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच.

उद्या: साक्रीची गाडी नाही. पारोळ्याची. आधी काकांकडे.