पंपाला कोणी हात लावायचा नाही

मी, हनोरा हेगर्टी, वय एकाहत्तर, धंदा मासेमारीची जाळी दुरुस्त करणे, राहणार बेअरा, कौंटी कॉर्क, आयर्लंड, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. स्वादुपिंडाचं तेवढं बिनसलं आहे, आणि ते बरं होणार नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं. हेही रागातच लिहिते आहे, पण विचार करून.

१. जाळी विणायच्या सुया, सुऱ्या आणि दोऱ्याची रिळं बंदरावरच्या मॅजेला टूमी हिला द्यावीत. तिच्या गाठी अजून सुटतात, पण शिकेल ती.

२. शेजारी कॉन ओ'शे यांना आमच्या दोघांमधली दगडी भिंत. जन्मभर "माझी, माझी" करत होता ना, घे म्हणावं एकदाची. आता पडझडही त्याचीच.

३. मी गेल्यावर लोक घरी बसायला येतील, तेव्हा चहा कडक असावा आणि हॅम जाड कापलेलं. कॉनला व्हिस्की द्यावी, बाटली मात्र त्याच्या हाती देऊ नये.

४. आता घर. हे नीट वाचावं, सगळं इथेच अडलं आहे.

राहतं घर माझी धाकटी बहीण फिलोमिना हिला मिळावं, एका अटीवर. नर्स नोरीन क्रोली हिने माझ्या दंडाला एक पंप लावला आहे. तो कातडीखाली थेंब थेंब मॉर्फीन सोडतो, म्हणून मी बसून लिहू शकते. माझा जीव जाईपर्यंत फिलोमिनाने तो काढता कामा नये, बंद करता कामा नये, अगदी "जरा वेळ"सुद्धा नाही. तसं केल्याचं नोरीनला आढळलं, तर घर बचावनौकेच्या मंडळाला जावं.

अट कशासाठी, तेही लिहिते. आमची आई याच खोलीत, याच आजाराने गेली. डॉक्टरांनी दिलेली मॉर्फीनची बाटली फिलोमिनाने मोरीत ओतली आणि आईच्या उशाशी बसून म्हणत राहिली, "देवाला वाहा गं आई दुखणं, देवाला वाहा." मी बंदरावरून पोचेपर्यंत बाटली रिकामी झाली होती. आई किंचाळत गेली. फिलोमिना, ते मी तुला माफ केलेलं नाही.

परवा ती माझं करायला म्हणून राहायला आली. अंगातला कोट काढायच्या आधी पंपाकडे बघून म्हणाली, "हा डबा तुला झोपवून मारणार, बघ."

"मला कॅन्सर मारतोय. डबा मला बोलू देतोय."

"माणसानं शुद्धीत जावं, हनोरा. प्रार्थना म्हणत."

"तूच म्हण. तुझा आवाज मोठा आहे."

ती रडायला लागली आणि मी आणखीच चिडले. पण तिच्याशिवाय माझ्याजवळ राहायला कोणी नाही. शेवटी माझी वाचा जाईल, आणि खोलीत हात असतील ते तिचेच. मला मरणाची एवढी भीती नाही. दुखण्याची आहे, खूप आहे.

५. वकील मॉरिसी यांनी बजावलं आहे, की साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. म्हणून नोरीन आणि पोस्टमन टिम यांना सहीसाठी बोलावलं आहे.

६. हे कलम आत्ता, सगळ्यांसमोर लिहिते. फिलोमिनाने कागद मागितला, मी दिला. वाचून झाल्यावर ती टिमला म्हणाली, "तू जा रे बाबा, तुझी पत्रं खोळंबलीत. सही मी करते."

नोरीन म्हणाली, "अहो, घर जाईल तुमचं!"

"वाचता येतं मला. घरासाठी हात आवरला असं कोणी म्हणायला नको. हिने तर नाहीच नाही."

मग घर बचावनौकेलाच जाऊ दे. आता तिला बांधून ठेवायला माझ्याकडे काहीही उरलेलं नाही. पेन अजून हातात आहे.

फिलोमिनाने खुर्ची माझ्या दंडापाशी ओढली आहे आणि नोरीनला विचारते आहे, "याची बॅटरी कशी बदलायची, ते मला दाखवून ठेव."

मी सही करते.

हनोरा हेगर्टी

ही सही आमच्या दोघींच्या डोळ्यांदेखत झाली, आणि आमच्या सह्या तिच्या डोळ्यांदेखत:
१. नोरीन क्रोली, नर्स
२. फिलोमिना हेगर्टी, बहीण

बेअरा, १४ नोव्हेंबर २०१९