गुरुवारच का?

३ मार्च, सोमवार

जाणार! ती जाणार! पुढच्या गुरुवारी, दुपारच्या विमानाने. म्हणजे जे विमान आमचीच गँग मागे ढकलते, त्यानेच!

चेक-इनच्या काउंटरवर बॅगांना पट्ट्या लावता लावता तिने सांगितलं, चहा संपला म्हणून सांगावं तसं. दुसऱ्या शहरात हॉटेलात नोकरी लागलीय. "इथे काय, पगाराची वाट बघत म्हातारी होऊ?" मी म्हटलं, पगार तर सगळ्यांचेच थकलेत. तर म्हणते, "तू थांब की. तुला सवय आहे अर्ध्यावर राहायची."

इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हापासून अख्ख्या विमानतळावर माझं नाव 'अर्धवट'. दुसरं कुणी म्हणालं तर मी अंगावर जातो. ती म्हणाली की दिवसभर कानात वाजत राहतं.

मला जे सांगायचं होतं ते अर्थातच राहिलं.

४ मार्च

डोकं दुखतंय. इंधनाचा वास केसांतून जात नाही. कंटाळा.

५ मार्च, बुधवार

सामानाच्या शेडमध्ये युनियनची सभा. आमचे पगार थकलेत आणि निवृत्त लोकांचं पेन्शन तर थंडीच्या आधीपासून बंद. सेक्रेटरींना सगळे भोंगा म्हणतात, कारण ते कुजबुजले तरी धावपट्टीच्या पलीकडे ऐकू जातं. ते म्हणाले, आधी नोटीस देऊ, मग महिनाअखेरीस संप.

मी ताडकन उठलो. "महिनाअखेर कशाला? पुढच्याच गुरुवारी! दुपारच्या विमानापासून!"

"गुरुवारच का रे?"

"कारण... कारण माझ्या बापाचा खांदा महिनाअखेरपर्यंत थांबणार नाही!"

टाळ्या! शिट्ट्या! ठराव पास!

बाबांनी सगळी नोकरी दोन्ही हात वर करून विमानं जागेवर आणण्यात घालवली. आता उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट आई चढवते. ऑपरेशन पेन्शनवर अडलंय. म्हणजे मी बोललो ते खोटं नव्हतं. पण बोललो ते त्यासाठी नव्हतं. हे फक्त इथे लिहितोय.

६ मार्च

बाबांना कळलं. भोंग्यांनी फोन केला म्हणे. फोनची तरी काय गरज होती!

कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी थेट बोलत नाहीत, आईमार्फत बोलतात. "त्याला सांग, दार लाव." मी समोरच उभा! आज जेवताना मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, "गुरुवार म्हणे?"

"हो."

"हं."

एवढंच. आणि मीठ माझ्याकडे सरकवलं.

९ मार्च, रविवार

बाबांनी जुना गणवेश काढलाय. डाव्या हाताने इस्त्री चाललीय. आई म्हणाली, "अहो, द्या त्याच्याकडे, तो करेल."

"नको. जाळून ठेवेल."

गुरुवारी सगळे पेन्शनवाले गेटबाहेर बसणार आहेत. बाबा गणवेशात जाणार.

मेलो मी.

११ मार्च, मंगळवार

"गुरुवार तू मागितलास म्हणे? माझं विमान अडवतोस काय रे?" — ती.

मी म्हटलं, हो. तिला चेष्टा वाटली. मग चेहरा उतरला तिचा. "शुक्रवारी हजर नाही झाले तर ते दुसरीला घेतील. मग काय, तू पोसणार मला?"

'हो' म्हणायला तोंड उघडलं — आणि एका बाईने मध्येच विचारलं, खिडकीची जागा मिळेल का! माझं नशीब हे असं.

जाता जाता ती म्हणाली, "मीपण डावीकडची खिडकी घेतलीय. संप नाहीच झाला तर पिन नीट दाखव."

विमान मागे ढकलताना पुढच्या चाकात एक पिन घालतात. ढकलून झालं की ती काढायची आणि तिची लाल फीत वैमानिकाला हात उंच करून दाखवायची. ती दिसल्याशिवाय तो जागचा हलत नाही. हे काम माझं. एवढंच काय ते माझ्या हातात आहे.

१२ मार्च, बुधवार

संपलं सगळं. वरून साहेब आला. कामावरच्यांचे थकलेले पगार उद्या सकाळी खात्यात, संप मागे घ्या. आणि पेन्शन? "त्याचं नंतर बघू."

भोंगे आज पहिल्यांदा हळू बोलले. "मान्य असेल त्यांनी हात वर करा."

भराभर हात वर. तिचाही. माझ्याकडे बघितलं नाही. तिला तरी काय बोलू? तिच्या खोलीचं भाडं मी भरतोय थोडाच.

माझा एकट्याचा हात खाली. "अरे अर्धवटा, तुझेपण पैसे येतायत की!"

"मला संप पाहिजे!" इतक्या जोरात ओरडलो की आवाज फाटला. आणि ओरडल्यावर कळेना, कुणासाठी ओरडलो.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली. बाबा बूट पुसत होते. "आम्ही बसणार," म्हणाले. "आमचं कुठे काय मिटलंय?" माझ्याशी बोलले की आईशी, कळलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

पगार आला. विमानही वेळेवर. आजच नेमकं!

ढकललं. पिन काढली. वैमानिक वरून बघतोय. डावीकडच्या सगळ्या खिडक्यांवर ऊन, तिची कुठली ते दिसेना. पिन मुठीत. कानातल्या हेडसेटमध्ये तो विचारतोय, "खाली सगळं झालं का?"

मूठ तशीच ठेवली असती तर? धावत येऊन दुसऱ्या कुणी दाखवली असती. फार तर तिचा थोडा वेळ गेला असता. बाबांचा खांदा तसाच राहिला असता.

हात वर केला. फीत फडफडली. विमान वळलं, गेलं. हात किती वेळ वर होता कुणास ठाऊक. खाली घेतला तेव्हा खांदा भरून आला होता.

जाकीट काढून सुपरवायझरच्या टेबलावर ठेवलं. "कुठे निघाला?"

"संपावर."

"बाळा, संप मिटला!"

"माझा नाही."

१४ मार्च

काल पुढचं लिहायचं राहिलं. गेटबाहेर सतरंजीवर बाबा बसले होते, कडक इस्त्रीत. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

वर न बघता म्हणाले, "गेली का ती? काउंटरवाली?"

मग सरकले. "बस. तिकडे ऊन आहे."