चार जाणते आणि ऐंशी उपाशी

मल्लेश्वरम, गुरुवार

तीर्थस्वरूप वसुमतीअक्कास,

धाकट्या हयवदनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत (माझा घसा सोडून, त्याचं पुढे येईलच). तुझे गुडघे कसे आहेत? धारवाडात थंडी पडली असेल, तेल लावत जा, आणि तेही दुसऱ्या कुणाकडून तरी लावून घे. तुझी भावजय हेमलता विचारतेय, पडवळात डाळ आधी घालायची की मागून. काल फोन केला होता, पण तू पूजेला बसली होतीस, म्हणून पडवळ अजून तसंच आहे.

आता तू सोपवलेली चौकशी. तुझ्या रविकिरणने पसंत केलेली श्रीविद्या ग्राफिक्समध्ये आहे, म्हणजे पोटासाठी चित्रं काढते, आणि आपला मुलगा कंप्युटरचा मेंदू घडवतो, तर ही जोडी जमायची कशी, असं तुझं म्हणणं. त्या दोघांचं केव्हाच ठरलंय, सगळं अडलंय ते तुझ्या होकारावर. मीही आतून तुझ्याच बाजूचा होतो, लपवत नाही. म्हणून मुद्दाम तिला आपल्या समाजाच्या लक्षार्चनेला बोलावलं, की माणसांत कशी वागते ते बघू. बघायला मी बसलो आणि सगळ्यांना दिसलो मीच.

दरवर्षी काय होतं, शंभर माणसं बसतात, प्रत्येकाने विष्णुसहस्रनाम एकदा म्हणायचं, नावागणिक तुळशीचं एक पान वाहायचं, झाले लाख. यंदा कार्यवाह मी. (कुणी चुकीचा उच्चार केला की माझा जीव कसा वरखाली होतो, तुला ठाऊक आहे; तूच कान पिळून शिकवलंस.) मी फर्मान काढलं, कच्च्या उच्चारांची शंभर माणसं नकोत, आम्ही चार जाणते बसू, पंचवीस-पंचवीस आवर्तनं करू, त्यात काय मोठं. बाकीच्यांनी दुपारी प्रसादाला यावं. एका आवर्तनाला किती वेळ लागतो हे मात्र मोजायचं राहिलं. पहाटे सहाला सुरुवात केली. अकरा वाजता प्रत्येकाची पाच आवर्तनं झाली होती, माझा घसा पार बसला होता, आणि जेवायला आलेली ऐंशी माणसं दाराशी उभी होती. लाख पुरे झाल्याशिवाय नैवेद्य नाही, नैवेद्याशिवाय जेवण नाही. राजाजीनगरहून आलेले एक अण्णा तीनदा आत डोकावून स्वल्प, जरा लवकर आटपा म्हणून गेले. आचाऱ्याने तर भात चुलीवर ठेवू की नको हे विचारणंही सोडून दिलं.

तेव्हा श्रीविद्या ओढणी कमरेला बांधून उठली. मला विचारलं किती झाले, मी बोटं दाखवली, वीस हजार. तिने दाराशी जाऊन उपाशी माणसं मोजली आणि सगळ्यांना आत घेतलं. दहा-दहाच्या आठ ओळी केल्या, पाठ नव्हतं त्यांना फोनवर पोथी काढून दिली. तुळस वाटण्यातच अर्धा तास गेला (आमच्या कामातही हीच डोकेदुखी आहे, म्हणाली, हिशेब झटक्यात होतो, सामान पोचवायलाच वेळ लागतो). मग सगळे एकदम. एकाला ठसका लागला की त्याची अख्खी ओळ थांबायची, पण बाकीच्या सात चालू. उच्चारांचं विचारू नकोस. पण तासाभरात लाख झाले, अक्का. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते घशामुळे नव्हतं.

उत्तरपूजा चालली असताना शेजारी बसून तिने मला समजावलं, आणि तेही मी लाजू नये अशा बेताने. ही ऐंशी माणसं म्हणजे तिचा ग्राफिक्सचा प्रोसेसर. त्यात हजारो लहान डोकी, प्रत्येकाला एकच सोपं काम, सगळी एका वेळी. पडद्यावर लाखो ठिपके असतात, प्रत्येकाचा रंग वेगळा काढावा लागतो, म्हणून तो आधी चित्रांसाठी केला. आता कृत्रिम बुद्धीची अवाढव्य गणितंही त्याच्याच अंगावर टाकतात. म्हणजे मुलगी चित्रं काढत नाही, चित्रं काढणारी ही फौज उभी करते. मी खवचटपणे विचारलं, मग आमच्या रविकिरणचा प्रोसेसर भंगारात घालायचा का. तिने पूजा सांगणाऱ्या रघुनंदनाचार्यांकडे बोट दाखवलं. एक विधी झाल्याशिवाय दुसरा सुरू नाही, ऐनवेळी कापूर सापडेना तर पुढे कसं जायचं हे त्यांनाच माहीत. तिथे ऐंशी जणांनी हात घातला तर घोटाळाच. मोजकी डोकी, पण मुरलेली, पावलोपावली निर्णय घेणारी. ते रविकिरणचं काम. आणि आचार्यांनी संकल्प सांगून कामाला लावल्याशिवाय माझी ऐंशी नुसती बसून राहतील, असंही म्हणाली. तुम्ही चौघं कमी नव्हतात मामा, काम तुमच्या प्रकारचं नव्हतं, इतकंच. मला इतकं गोड कुणी चूक म्हटलेलं नाही. अशी सून शोधून सापडायची नाही, अक्का.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. तुझ्या उत्तराची वाट बघतो.

तुझा,
हयवदन

ता. क. परतताना रिक्षात तिने विचारलं, धारवाडच्या घरात निर्णय कोण घेतं. मी अभिमानाने सांगितलं, सगळं अक्काच बघते, मल्लेश्वरमच्या भाजीपर्यंत. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, मग अक्का विश्रांती कधी घेतात? साठ वर्षांत हे आपल्यापैकी कुणी तुला विचारलेलं मला आठवेना. मीही नाही. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

पुन्हा ता. क. वर उत्तराची वाट बघतो म्हटलं, ते खरं नाही. तुला न विचारता मी काल तिच्या घरी तुझा होकार कळवून आलो. आयुष्यात पहिल्यांदाच असं केलं. रागावायचं तर इकडे ये आणि समोर बसून रागाव. साखरपुड्याचं काम आम्ही वाटून घेतलंय, तुझ्या वाट्याला खुर्ची आली आहे. पडवळात डाळ आधी घातली. बिघडलं, पण सगळ्यांनी खाल्लं.