पाण्यानं लिहिलेली अकरा पानं

सोमवार, ता. ४
आज घरात आलं — कागद दोन दस्ते, सव्वा रुपया. शाईची बाटली, दहा आणे. डोळ्यांत घालायचे थेंब, चार रुपये! थेंबागणिक हिशेब केला तर मोती स्वस्त.

यांच्या इंग्रजी शब्दांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलंय — ‘सगळं, पूर्ण, एकूण’ अशा अर्थाचे शब्द. आधीची यांनी स्वतः लिहिली; आता हे सांगतात, मी लिहिते. एन्टायरली, होली, टोटली, ऑल्टुगेदर... मी म्हटलं, "सगळं म्हणजे सगळं. त्याला इतके शब्द कशाला?"
"मग तू सगळं एकाच डब्यात का नाही भरत?"


बुधवार, ता. ६
डावा डोळाही गेला. डॉक्टर म्हणाले, आता आशा नको. घरी आल्यावर यांनी मला देवापुढे बसवलं. "छापखान्याच्या मालकांना कळता कामा नये. आंधळ्याचं पुस्तक कोण छापेल? घे शपथ." घेतली.

गुरुवार, ता. ७
आता म्हणतात, "राहिलेलं माझं मी लिहीन." कागदावर पट्टी ठेवून ओळ धरतात. पेनही चाचपून स्वतःच भरतात.

शनिवार, ता. ९
यांनी तीन दिवस मान मोडून अकरा पानं लिहिली. मी हातात घेतली — पहिल्यावर फिकट निळसर काहीतरी, पुढं सगळी कोरी!

शाई संपली की बाटली पाण्यानं खळबळून मी तेवढीच चार दिवस पुरवते. ती जुनी बाटलीच मेजावर राहिली, नवी कपाटात. हे तिच्यातून पेन भरत बसले. जळो माझी काटकसर!

"वाच बघू," म्हणाले.
कोरा कागद समोर धरून वाचलं. थोडं आठवणीतलं, थोडं मनचं.
"‘टोटली’ कुठं शोभतं म्हटलंय मी?"
"नासधूस, नुकसान असेल तिथं."
"आणि ‘इन ऑल’?"
"बेरजेला."
"शाब्बास!" हसले. किती दिवसांनी हसले! कोरी पानं तशीच गुंडाळून ठेवली.

बुधवार, ता. १३
दुपारी यांचा डोळा लागला की ती अकरा पानं नव्यानं लिहायची. माझं मॅट्रिकचं इंग्रजी ते कितीसं! ‘होली’ कुठं आणि ‘ऑल्टुगेदर’ कुठं, जमेना. विचारावं तर बिंग फुटतं. अंदाजानं रेटलं. टपालात टाकलं.

शुक्रवार, ता. २२
मालकांचं कार्ड. "शेवटचं प्रकरण उत्तम. अक्षरही सुधारलंय! येत्या आठवड्यात छापायला घेतो. शाळांची चारशे प्रतींची मागणी आहे."
हे म्हणाले, "बघ, डोळे गेले, हात नाही गेला."
 चारशे मुलं!

शनिवार, ता. २३
मालकांना लिहिलं, यांना न सांगता —
"यांची दृष्टी गेली आहे. शपथ मोडून कळवते. शेवटचं प्रकरण मी लिहिलं आहे, त्यातल्या चुका माझ्या. मुलांना चुकीचं शिकवण्याचं पाप नको. आधीची सगळी प्रकरणं यांचीच, त्यांत खोट नाही. तेवढी तरी छापणार का, उलट टपाली कळवावे. पत्र माझ्या नावे पाठवावे. घरात वाचणारी मी एकटीच आहे."